त्याच टेकडीवर पुन्हा

अगं, काल तू गेलीस आणि मग एकेक गोष्ट आठवत गेली. तुझी आई समोर बसली होती, चहा निवत होता, आणि तू विचारलंस, "ताई, लँडस्केप फोटोग्राफीत करिअर होतं का गं?" तेव्हा मी "होतं" एवढंच म्हणाले. ते खरंच आहे, पण अर्धंच सांगितलं. उरलेलं आज लिहून देते. आईलाही वाचायला दे. तिच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही.

आधी तुझ्या फोटोंबद्दल. चारशेच्या वर फोटो दाखवलेस. लडाख, स्पिती, काश्मीरची ट्युलिपची बाग, राजस्थानातलं वाळवंट. सगळे नीट आहेत. फोकस बरोबर, क्षितिज सरळ, रंग छान. आणि मधेच एक फोटो आला, जो तू अंगठ्यानं झटकन पुढे सरकवलास आणि म्हणालीस, "हा असाच, घरचा." मी तो मागे घ्यायला लावला, आठवतंय ना? तुमच्या लवळ्यातल्या गच्चीवरून काढलेला. खाली कापणी झालेलं भाताचं खाचर, खाचरात आडवे पडलेले भारे, प्रत्येक भाऱ्यावर दवाची पांढुरकी साय. मागे धुकं, त्यात टेकडी कमरेपर्यंत बुडालेली. बांधावर एक बाई पाठमोरी उभी, तिच्या डोक्यावरचा पदर वाऱ्यानं किंचित उचललेला. आणि डावीकडून उजवीकडे गेलेली विजेची तार. ती तार काढून टाकायला हवी होती असं तुला वाटत होतं. मला वाटतं ती असू दे. ती आज लवळ्यात आहे म्हणून फोटोत आहे.

त्या चारशे फोटोंत तुझा स्वतःचा म्हणावा असा तो एकच फोटो होता. लडाखचे फोटो लडाखनं तुला दिले. पँगाँगच्या काठावर उभं राहून कॅमेरा वर केला की तो निळा रंग कुणालाही मिळतो. भाताच्या भाऱ्यांवरचं दव मात्र त्या सकाळी, त्या गच्चीवर, साडेसहाला उठलेल्या मुलीलाच दिसलं. मला तुला जे सांगायचंय ते मुख्यतः हेच आहे: या कामात जायचं तर परत परत एकाच जागी जाण्याची तयारी ठेव, आणि त्या जाण्याचा खर्च निघेल अशी सोय आधी लाव. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या पोटात येतं.

तुझं लवळं घे. पुण्यातली माणसं लवळं म्हटलं की टेकडीवरचं सिंबायोसिसचं विद्यापीठ आणि फ्लेम एवढंच ओळखतात. तू इथं वाढलीस, तुला वर्ष माहीत आहे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मुरमाची लाल-तपकिरी टेकडी चार पावसांत कशी पोपटी होते ते तू पाहिलंयस. जुलैत मुळशी तालुक्यात लावणी चालू असते, खाचरांत आभाळ उतरलेलं असतं. ऑगस्टात टेकडी दिसतच नाही, ढगच दिसतो. सप्टेंबरात तेरडा आणि सोनकी. ऑक्टोबर सरता सरता कुसळी गवत सोनेरी होतं आणि संध्याकाळी पाचनंतर मागून उन्हं आली की एकेक कुसळ पेटल्यासारखं दिसतं. जानेवारीत धुळीचा एक पातळ पडदा. फेब्रुवारीत काटेसावर फुलते, अंगावर एक पान नसतं आणि लाल फुलांनी झाड भरून जातं. मग वणवे. काळ्या जळालेल्या उतारावर पळस फुलतो तेव्हा कॅमेरा नसला तरी माणूस थांबतो. हे सगळं एका टेकडीवर, तुमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर.

आणि प्रकाश. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मला कळायला सहा वर्षं लागली, तुला आत्ताच सांगते. आपल्या अक्षांशावर सूर्य उगवण्याची जागा जूनपासून डिसेंबरपर्यंत क्षितिजावर जवळजवळ ५० अंश सरकते. म्हणजे जूनमध्ये जो सूर्य तुला एका टेकडीच्या डाव्या खांद्यावरून वर येताना दिसतो, तो डिसेंबरात पार दुसऱ्याच टेकडीमागून येतो. मेच्या मध्यात पुण्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्यही आपल्या उत्तरेला असतो. टेकडीची जी बाजू हिवाळाभर सावलीत असते, तिच्यावर तेव्हा ऊन पडतं, आणि पाऊस लागायच्या आधी ते उघडं ऊन मिळायला हातात जेमतेम तीन आठवडे असतात. परक्या प्रदेशात आठ दिवस राहून हे कधीच कळत नाही.

माझं एक बाभळीचं झाड होतं. मुळशीच्या रस्त्याला, एका पडीक माळावर एकटं उभं. मी अकरा वर्षं त्याचे फोटो काढले. पहिल्या वर्षी मला त्यात फक्त आकार दिसायचा, आकाशावर काळ्या शाईनं काढल्यासारखा. तिसऱ्या वर्षी कळलं की झाड एका बाजूला झुकलंय, कारण पावसाळी वारा दुसऱ्या बाजूनं येतो. पाचव्या वर्षी खाली बसणारा गुराखी ओळखीचा झाला. त्यानं दाखवलं की बुंध्यावर घोरपड राहते. नवव्या वर्षी मागच्या उतारावर मुरूम काढायला सुरुवात झाली, आणि माझ्या फ्रेममध्ये एक पिवळं जेसीबी आलं. मी महिनाभर तिकडे गेले नाही, इतका राग आला होता. मग गेले आणि जेसीबीसकट फोटो काढले. अकराव्या वर्षी झाड नव्हतं. आता तिथं गृहसंकुलाची कमान आहे. त्या अकरा वर्षांतले ३२ फोटो निवडून मी लावले तेव्हा लोक पहिल्यांदा माझ्या कामापुढे बोलायचे थांबले. सुंदर फोटो मी त्याआधीही काढले होते. पण त्या भिंतीवर एका झाडाचं आयुष्य होतं, आणि आपल्या तालुक्याचंही.

चांदणी चौकाच्या पलीकडे काय चाललंय ते तू रोज बघतेस. भूगाव, पिरंगूट, सूस, नांदे, सगळीकडे टेकड्यांचे पाय कापले जातायत. दहा वर्षांनी लवळ्याची आजची सकाळ बघायला मिळेल ती कुणाच्या तरी फोटोतच. तो फोटो तुझा असावा असं मला मनापासून वाटतं.

तू अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं पोस्टर खोलीत लावलंयस, म्हणून त्याच्याबद्दल बोलते. १९१६ साली, चौदा वर्षांचा असताना तो घरच्यांबरोबर पहिल्यांदा योसेमिटीला गेला, हातात कोडॅकचा साधा बॉक्स कॅमेरा. पुढे जन्मभर तो तिथं परत जात राहिला. तो मुळात पियानो शिकत होता, संगीतकारच व्हायचं होतं. १९२७च्या एप्रिलमध्ये हाफ डोमच्या कड्याचा त्याचा तो प्रसिद्ध फोटो झाला, त्या दिवशी त्यानं काचेच्या १२ प्लेटा पाठीवर वाहून नेल्या होत्या आणि कड्यासमोर पोचेपर्यंत दोनच उरल्या होत्या. पहिली त्यानं पिवळा फिल्टर लावून खर्ची घातली. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आत जाणवतंय ते काळंभोर आकाश याच्यात उतरणार नाही. शेवटच्या प्लेटीला त्यानं गडद लाल फिल्टर लावला. फोटो घेण्याआधी तो मनात पूर्ण दिसला पाहिजे, हे त्याचं सगळं शास्त्र त्या शेवटच्या प्लेटीतून निघालं. तू परवा एका सूर्यास्ताचे दोनशे फोटो काढलेस. पुढच्या वेळी स्वतःला बाराच दे. आणि दहा झाले की थांबून विचार कर.

त्याचा दुसरा फोटो, न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र, १ नोव्हेंबर १९४१. गाडीतून जाताना दिसला, कॅमेरा घाईघाईनं मांडला, प्रकाशमापक सापडेना. त्याला चंद्राच्या तेजाचा आकडा पाठ होता, त्यावरून हिशेब केला आणि एकच निगेटिव्ह मिळाली. दुसरी घेईपर्यंत थडग्यांवरच्या क्रुसांवरून ऊन निघून गेलं. ही गोष्ट सगळे नशिबाची म्हणून सांगतात. मला त्यात पंचवीस वर्षांचा रियाज दिसतो. आणि पुढचं कुणी सांगत नाही: त्या एका निगेटिव्हमधून त्यानं जन्मभरात हजाराच्या वर प्रिंट केल्या, आणि दर वेळी आकाश आणखी गडद करत नेलं. निगेटिव्ह म्हणजे बंदिश आणि प्रिंट म्हणजे मैफल, असं काहीसं तो मानायचा. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. एकच यमन गायक चाळीस वर्षं गातो.

आपल्याकडे कालनिर्णय घरोघरी भिंतीवर असतं. त्यात चतुर्दशी बघत जा. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी चंद्र साधारणपणे सूर्य मावळायच्या आधीच वर आलेला असतो, जमिनीवर अजून ऊन असतं, आणि दोन्ही एका फोटोत सांभाळता येतात. पौर्णिमेला बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, चंद्र पांढरा ठिपका आणि खाली काळोख.

आता पैशाचं. इथं मी कुठलीही साखर लावणार नाही.

नुसत्या लँडस्केपच्या प्रिंट विकून घर चालतं अशी माणसं जगात फार थोडी आहेत, आणि आपल्याकडे त्याहून थोडी. अ‍ॅडम्ससुद्धा पन्नाशी उलटून गेली तरी कंपन्यांची, मासिकांची, कॅटलॉगची कामं घेत होता. आणि शिकवत होता. १९४० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या एका कला-शाळेत शिकवताना त्यानं फ्रेड आर्चरबरोबर झोन सिस्टिम बांधली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत प्रकाशाच्या अकरा पायऱ्या. विद्यार्थ्यांना समजेल असं काहीतरी हवं होतं म्हणून ती झाली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोतल्या कला-महाविद्यालयात त्यानं फोटोग्राफीचा विभाग उभा केला, आणि योसेमिटीतल्या कार्यशाळा तर उतारवयापर्यंत चालवल्या. म्हणजे ज्याचं पोस्टर तू लावलंयस तो मास्तर होता.

आपल्याकडेही ही परंपरा आहे आणि ती बरीच जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाडांचे धाकटे भाऊ, डॉक्टर नारायण दाजी, त्या काळात कॅमेरा घेऊन काम करत होते. हरिचंद चिंतामण त्या वर्गातून शिकून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा धंदा उभारला. फोटोग्राफी भारतात आल्यावर वीस वर्षांच्या आत ती मुंबईत शिकवली जात होती, हे मी माझ्या वर्गात पहिल्या दिवशी सांगते.

आणि निसर्गचित्र रंगवणारे आपले लोक बघ, कारण तुझी खरी वंशावळ तिथून येते. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर. जे.जे.त शिकले, जलरंगात त्यांच्यासारखा हात कमी लोकांचा, आणि १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची कला-संस्था काढली. चित्रंही काढली आणि पिढ्याही घडवल्या. आज पुण्यात मिलिंद मुळीक आहेत. इंजिनिअरिंग शिकलेला माणूस, जलरंगाकडे वळला. त्यांची प्रात्यक्षिकं आणि ज्योत्स्ना प्रकाशननं काढलेली त्यांची पुस्तकं यांमुळे पुण्यात रविवारी सकाळी रस्त्याच्या कडेला बसून चित्र काढणारी माणसं दिसतात. मुळीकांचं एक निसर्गचित्र समोर ठेव आणि बघ, त्यांनी काय काय सोडून दिलंय. झाडाची पानं नाहीत, भिंतीच्या विटा नाहीत, पण दुपार आहे. कॅमेऱ्याला आपोआप काहीच सोडता येत नाही. ते तुला उभं राहण्याच्या जागेनं, वेळेनं, धुक्यानं करावं लागतं.

कोल्हापूरचे आबालाल रहिमानही विसरू नकोस. कोटितीर्थाच्या काठी राहून त्याच पाण्याची, त्याच काठाची चित्रं त्यांनी वर्षानुवर्षं काढली. शाहू महाराजांचा आधार होता तोवर बरं होतं, १९२२ साली महाराज गेले आणि पुढची वर्षं हलाखीत गेली. ही गोष्ट मी तुला घाबरवायला सांगत नाही. एकाच आश्रयावर सगळा भार टाकू नये म्हणून सांगते.

गोपाळ बोधे नौदलात फोटोग्राफर होते. हेलिकॉप्टरमधून त्यांनी आपला किनारा, किल्ले, मुंबई जशी टिपली तशी त्याआधी सामान्य मराठी माणसानं पाहिलेली नव्हती. नोकरीमुळे त्यांना ती उंची मिळाली. २०१४ साली ते गेले. गौतम राजाध्यक्ष, ज्यांच्या चेहऱ्यांच्या फोटोंनी एक काळ गाजवला, ते आधी सेंट झेवियर्समध्ये केमिस्ट्री शिकवत होते आणि मग जाहिरात कंपनीत गेले. नोकरी केली म्हणून कलावंत कमी झाला, असं या माणसांकडे बघून कुणी म्हणेल का?

म्हणून आईला सांग, मुलगी उपाशी राहणार नाही. पण रस्ता असा आखायचा. पदवी पूर्ण कर. पुण्यात फोटोग्राफी रीतसर शिकवणाऱ्या संस्था आहेत, सिंबायोसिसची आहे, भारती विद्यापीठाची आहे. फी बघ, हॉस्टेल नको म्हणजे तेवढा खर्च वाचला. महाविद्यालयात कायमची नोकरी हवी असेल तर पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागेल. नसेल तर तासिका तत्त्वावर जावं लागतं, तिथं मानधन कमी आणि उशिरा, हे आधीच समजून जा. मी सात वर्षं तशी काढली. त्या काळात लग्नाचे फोटो काढले, सदनिकांच्या जाहिरातींचे काढले, एका मसाल्याच्या कारखान्यासाठी तिखटाच्या ढिगांचे काढले. त्यातल्या एकाही कामाची मला लाज वाटत नाही. तिखटाच्या ढिगावर बाजूनं दिवा टाकला की तो सह्याद्रीसारखा दिसतो, हे मी तिथं शिकले.

एक चूक मात्र करू नकोस, जी मी केली. एका कंपनीनं मला पावसाळी घाटांचे फोटो काढायला पाठवलं. एका कॅलेंडरसाठी म्हणाले. पैसे दिले, मी खूश. कागद काही केला नाही. पुढच्या वर्षी तेच फोटो त्यांच्या पोत्यांवर, बसच्या पाठीवर, दिवाळीच्या मिठाईच्या खोक्यावर. मी विचारायला गेले तर त्यांनी शांतपणे सांगितलं की फोटो आमचे आहेत. आणि कायद्यानं ते बरोबर होते, अगं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात स्पष्ट आहे: मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो काढून घेणारा. तू स्वतःहून काढलेला फोटो तुझा, आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर तर फोटोलाही तुझ्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं संरक्षण आहे. पण कामावर काढलेल्या फोटोसाठी एक पानाचा कागद लागतोच. कशासाठी, किती दिवसांसाठी, कुठे कुठे छापणार, आणि कॉपीराइट माझ्याकडे. अ‍ॅडम्सच्या त्या चंद्राच्या फोटोवरूनसुद्धा हा प्रश्न निघाला होता, कारण त्या प्रवासात तो सरकारसाठी काम करत होता. त्या दिवसाचे पैसे त्यानं सरकारकडे लावले नव्हते, म्हणून तो फोटो त्याचा राहिला. हिशेबाची वही कलावंतालाही लागते.

प्रिंटबद्दल थोडं. फोनवर दिसतो तो फोटो नव्हे. तुझा तो भाताच्या भाऱ्यांचा फोटो चांगल्या कॉटन रॅग कागदावर, पिगमेंट शाईत, दोन फुटांचा करून घे. त्या दवात तुला असं काही दिसेल जे स्क्रीनवर कधीच दिसलं नाही, आणि असंही काही दिसेल ज्याची तुला लाज वाटेल, हललेला हात, जळालेलं आभाळ. मग परत जा आणि नीट काढ. आवृत्ती ठरवायची असेल तर दहाच काढीन असं लिहून दे आणि अकरावी काढू नकोस, कुणी कितीही पैसे देवोत. मागे पेन्सिलीनं नाव, वर्ष, क्रमांक. घोले रोडचं राजा रविवर्मा कलादालन, बालगंधर्वचं कलादालन, मुंबईचं जहांगीर आणि एनसीपीएचं पिरामल दालन, इथली प्रदर्शनं जाऊन बघत राहा. आधी दोन वर्षं नुसती बघ.

शिकवण्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचं होतं आणि ते शेवटी राहिलं. काल तू म्हणालीस, "शिकवणं मग जमलं नाही तर करीन." ते वाक्य मला लागलं. मी तेव्हा बोलले नाही.

मागच्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता, वडिलांनी कर्ज काढून दीड लाखाचा कॅमेरा घेऊन दिलेला. त्याला टेकडीवर काही दिसेना. वैतागला. मी पिशवीतून एक लग्नपत्रिका काढली, जाड पुठ्ठ्याची, ब्लेडनं मधोमध खिडकी कापली, दोन बाय तीन बोटांची. म्हटलं, कॅमेरा पिशवीत ठेव आणि अर्धा तास यातून बघ. डोळ्याजवळ धरलंस की रान मोठं दिसेल, हात लांब केलास की एकच दगड दिसेल. त्यानं ती चौकट घेतली आणि उतारावर बसला. पंधरा मिनिटांनी हाक मारली. "मॅडम, हे गवत सगळं एकाच बाजूला झोपलंय." वारा त्याला दिसला होता. मी त्याच्या शेजारी बसून त्या चौकटीतून पाहिलं, आणि खरं सांगते, इतकी वर्षं त्या उतारावर जाऊन मला ते गवत तसं दिसलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी तिथं गेले आणि माझा या वर्षातला सगळ्यात चांगला फोटो काढला. त्याला सांगूनच काढला.

शिकवताना आपल्याला आपलं काम शब्दांत मांडावं लागतं. का इथं उभी राहिलीस, का तिथं नाही, का आत्ताच बटण दाबलंस. दुसऱ्याला सांगता येईना की कळतं, आपल्यालाच माहीत नव्हतं. ज्या वर्षी मी शिकवलं नाही त्या वर्षीचे माझे फोटो आज काढून बघते तेव्हा ते सैल वाटतात. म्हणून लँडस्केप जमलं नाही तर शिकवीन असं नको म्हणूस. आत्तापासून शिकव. तुमच्या गल्लीतल्या चार मुलांना घेऊन टेकडीवर जा, फोनवर काढू देत. जिल्हा परिषदेच्या शाळेत विचार, शनिवारी एक तास द्या म्हणून. पैसे नको घेऊस पहिलं वर्ष. दुसऱ्या वर्षापासून घे, आणि तेव्हा संकोच करू नकोस.

आता जे आईसमोर बोलले नाही ते. पहाटे एकटी टेकडीवर जाशील, त्याची तिला भीती वाटते आणि ती भीती खोटी नाही. मी पंचवीस वर्षं गेले. माझे नियम असे: कुठे जाते आणि किती वाजता परत येते हे घरात कागदावर लिहून ठेवायचं. पहिल्यांदा जाताना कुणाला तरी बरोबर न्यायचं, जागा ओळखीची झाली की मग एकटीनं. ज्याच्या रानातून जायचं त्याला आदल्या दिवशी भेटून विचारायचं. नंतर त्याला एक फोटो छापून द्यायचा, त्याच्या बैलांचा, त्याच्या नातीचा. पुढच्या वेळी तोच तुझ्यावर लक्ष ठेवतो. गुराखी, दूधवाले, पहाटे पाण्याला जाणाऱ्या मावश्या, यांच्याशी नाव घेऊन बोलायचं. मन कचरलं तर फोटो सोडून परत फिरायचं, कुणाला कारण सांगत बसायचं नाही. ड्रोनचा हट्ट तूर्त नको. २०२१चे नियम वाच, नकाशावर आपला भाग कुठल्या रंगात येतो ते बघ. लष्करी प्रशिक्षणाची एनडीए इथून फार लांब नाही. आणि पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यावर, लेण्यांत ट्रायपॉड न्यायचा तर परवानगी लागते, ती आधी काढ, पहारेकऱ्याशी भांडू नकोस.

नवी लेन्स आत्ता घेऊ नकोस. तुझ्याकडे आहे त्या कॅमेऱ्यात अजून तीन वर्षांचं काम आहे. घ्यायचाच तर एक जड, हलणार नाही असा ट्रायपॉड घे.

आणि एक काम लगेच कर. त्या भाताच्या फोटोची जागा गच्चीवर खडूनं आखून ठेव, तिन्ही पायांच्या तीन खुणा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथूनच, सूर्योदयाला, एकच फोटो. वहीत तारीख, वेळ, हवा, आणि एक वाक्य, आज काय वेगळं दिसलं. पाऊस असला तरी, वीज गेली असली तरी, पाहुणे आले असले तरी. वर्षानं ते बारा फोटो आणि ती वही घेऊन माझ्याकडे ये. मग आपण आईला समोर बसवून करिअरचं बोलू.

येत्या रविवारी मी लवळे फाट्यावर साडेपाचला येते. सूर्य पावणेसातच्या आतबाहेर उगवतोय, आपल्याला चढायला अर्धा तास लागेल. शाल घे, पाणी घे. कॅमेरा घरी ठेव. लग्नपत्रिका मी आणते.